घरट्यावरचं गवत

चंडोलाच्या घरट्यावरचं गवत कुणीतरी कापलं होतं. उपटलेलं नव्हतं, गुरांनी खाल्लेलं नव्हतं. मुळाशी, सफाईने कापलेलं. जमिनीवरची ती इवलीशी वाटी उन्हात उघडी पडली होती आणि तिच्यात दोन-चार पिसांखेरीज काही नव्हतं. ताई तिथेच मटकन बसली.

शहराच्या ऐन पोटात, चारी बाजूंनी इमारती डोळे वटारून उभ्या असताना, हे राखीव कुरण कसं टिकलं कुणास ठाऊक. आठवडाभर शिलाई मशीनवर मान मोडून बसणारी ताई रविवारी सकाळी इथे यायची. ससा दिसला तर दिवस सोन्याचा, नाहीतर नाकतोडे आणि फुलपाखरं होतीच. फुलाला हात न लावणारी, मुकाट्याने बघणारी ही बाई राखणदार काकांना आवडायची. म्हणून तर त्यांनी तिला घरटं दाखवलं होतं. "तुला ठाऊक आणि मला, बस," ते म्हणाले होते. "इथे पायवाट पडली की कावळे आलेच समज."

आता काका तिच्या मागे उभे होते.

"कावळ्यांनी नेली. काल दुपारी, तिन्ही पिल्लं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला दाखवलं होतं का?"

आजवर अगं-तुगं करणारा माणूस 'तुम्ही'वर आला. "नाही हो काका," ती म्हणाली.

दाखवलं होतं. पण धाकट्या भावाला दाखवणं म्हणजे कुणाला दाखवणं, असं तिच्या मनातच कधी नव्हतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला भरवलं तिने, शाळेत धाडलं तिने, लग्नाचे फोटो काढायचा धंदा उभा करून दिला तिने. घरटं बघताना त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. शंका घ्यायची तर ताईने साऱ्या जगावर घेतली असती, त्याच्यावर नाही.

सोमवारी दुकान उघडून तिने एका कोटाचं अस्तर कापायला घेतलं, तर कात्री कापड चावायला लागली. शिंप्याच्या घरात कापडाच्या कात्रीला दुसरं काही कापायची सक्त मनाई असते, कागदसुद्धा नाही. शाळेत असताना धाकट्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला, तेव्हा ताईच्या हातची आयुष्यातली एकमेव चापट त्याने खाल्ली होती. ताईने पाती फाकवून उजेडात धरली. स्क्रूपाशी हिरवट काहीतरी वाळून बसलं होतं, माती होती, आणि वास गवताचा होता.

दुकानाची दुसरी किल्ली एकाकडेच असायची.

राग नंतर आला. आधी नुसतं अंग गार पडलं. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी तरी झाली असती. ज्याला जीव लावला त्यानेच केसाने गळा कापला होता, आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

संध्याकाळी धाकटा शीळ घालत आला. काखेत फ्रेम होती.

"ताई, डोळे मीट बघू." तिने मिटले नाहीत. त्याने कापडाच्या टेबलावर फोटो ठेवला. तीन पिल्लं, तिघांच्या चोची आ वासलेल्या, घशातला केशरी रंगसुद्धा दिसत होता. "दुकानात लाव हा. स्पर्धेलाही पाठवतोय. तुझ्यामुळे मिळाला बघ."

"गवत तू कापलंस?"

"चार काड्या मध्ये येत होत्या गं. गवतच ते, उगवेल परत."

"कावळ्यांनी तिन्ही पिल्लं नेली."

"निसर्गात हे चालायचंच," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "काकांना माझं नाव सांगितलं नाहीस ना? स्पर्धेतून काढतील मला."

"नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. लहानपणापासून असंच होतं. काच फुटली की ताई पुढे, नापास झाला की ताई पुढे. तो खुशीत फोटोवर वाकला.

"आणि गंमत सांगू? मी नुसता त्यांच्यावर वाकलो, सावली पडली असेल, तर तिघांनी एकदम चोची उघडल्या. एकही घाबरलं नाही. लग्नातली माणसंसुद्धा इतकी छान पोझ देत नाहीत."

ताईला पुढचं दिसेना. डोळे भरून आले होते.

"डोळे उघडलेले नसतात रे त्यांचे," ती म्हणाली. "आई आली असं वाटलं त्यांना."

धाकट्याने फोटोकडे पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"आई आली," तो म्हणाला. "झकास. फोटोला हेच नाव देतो."

ताई उठली. तिने फ्रेम उचलून पिशवीत घातली आणि पायात चपला सरकवल्या.

"आत्ता कुठे निघालीस?"

"कुरणावर," ती म्हणाली. "काल तुझ्यापायी काकांशी खोटं बोलले. ते शेवटचं."