मार्तंडरावांना मानवलेलं काम

मुलुंडच्या मार्तंड दाबक्यांनी विमा कंपनीत जन्मभर एकाच टेबलावर एकाच प्रकारचं काम केलं आणि त्यांना त्याचा कधी कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो निवृत्तीचा. घरात काहीच नियमाने घडेना, म्हणून त्यांनी स्वतः नियम घालायला घेतले. मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमाने लागले. सुनंदाबाई कुकर बंद करायला उठल्या, की हे आधीच गॅसपाशी उभे. शेवटी त्यांनी लेकीला सांगितलं, की एक तर बाबांना काम शोध, नाहीतर मला.

दीप्ती एका बड्या कंपनीत नोकरीसाठी माणसं निवडायची. तिने बाबांना लॅपटॉपवर एक चाचणी द्यायला बसवलं. निकाल आला, की या व्यक्तीला बदल सोसत नाही, प्रकृती उत्तम आहे, तेव्हा ठरलेल्या क्रमाचं अंगमेहनतीचं काम मानवेल. पुढे उदाहरणंही होती: हमाल, माळी, टपाल वाटणारा. दीप्ती हसत सुटली. मार्तंडराव हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते जवळच्याच राजेशच्या नर्सरीत गेले. राजेशला माणूस हवाच होता, फक्त इस्त्रीच्या पँटमध्ये कुणी कुंड्या उचलायला येईल असं त्याला वाटलं नव्हतं. माती कालवायची, कुंड्या भरायच्या, उन्हात नेऊन मांडायच्या, पाणी घालायचं. रोज तेच आणि त्याच क्रमाने. सुरुवातीला कंबर धरली. मग झोप अशी लागू लागली, की सुनंदाबाई अधूनमधून त्यांच्या नाकापाशी हात धरून बघत. स्वयंपाकघर पुन्हा बाईंच्या ताब्यात आलं.

घोळ झाला तो शेजारच्या रश्मीबाईंमुळे. त्यांनी नर्सरीतून शेणखत घेतलं. पोतं गाडीपर्यंत आलं, डिकीत पडलं, आणि पोत्यामागून दाबके निघाले. दिवेलागणीपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. आजाऱ्याला भेटायला यावं तसे दोघंतिघं मोसंबी घेऊन आले आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारून गेले.

दीप्ती ऑफिसात श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यानं देत असे. तिचा चेहरा पार उतरला.

"बाबा, निदान तिथे सल्लागार आहे म्हणून सांगा ना."

"सल्ला कुणाला देऊ, कुंडीला?" मार्तंडरावांनी विचारलं.

मग तिनेच सोसायटीत सांगून टाकलं, की ही मातीची उपचारपद्धती आहे आणि परदेशात लोक त्यासाठी महिनोन्‌महिने थांबतात. कीव करणाऱ्यांचे डोळे एकदम चमकले. त्या रविवारी अर्धी सोसायटी नर्सरीत हजर. राजेशने झटपट 'मृत्तिका साधना' असा फलक रंगवून घेतला. लोक वाटेल तेव्हा येत, एक कुंडी उचलत, फोटो काढून घेत आणि वाटेल तिथे ठेवून जात. मार्तंडरावांचा दिवस कुंड्या जागेवर लावण्यात जाऊ लागला. त्यातून राजेशने त्यांना बढती दिली. खुर्ची, टोपी, गळ्यात शिट्टी.

"काका, आता उचलायचं नाही, फक्त बघायचं," तो म्हणाला.

मार्तंडराव काही दिवस बघत बसले. एका संध्याकाळी सुनंदाबाईंना ते ताटात भेंड्या लांबीप्रमाणे मांडताना दिसले.

"अहो, चेंबूरला नर्सऱ्या असतील ना? तिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही."

आता मार्तंडराव सकाळी बसने चेंबूरला जातात. मातीचे कपडे तिथेच बदलतात. सोसायटीत सांगितलंय, की ते ध्यानाला जातात. ध्यानाला डबा कशाला लागतो, हे कुणी विचारलेलं नाही. परवा लिफ्टमध्ये रश्मीबाई म्हणाल्या, की दाबक्यांच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय, साधना फळली म्हणायची.

"फळणारच," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्यांचे गुरू बसू देत नाहीत."

रश्मीबाईंनी पत्ता मागितला. सुनंदाबाईंनी ट्रॉम्बेचा दिला.