तारेवरच्या एकेचाळीस चिठ्ठ्या

मी एक जुनी तार आहे. विजेची नव्हे, सतारीची तर नव्हेच. तळाशी लाकडी चकती, वर टोकदार बाक आणि मधे कागद टोचायला सरळसोट मी. मित्रांनो, लोहाराने मला वाकवलं आणि म्हणाला, "ही काही मोडायची नाही." तेव्हापासून मला जरा ताठाच आहे.

शिंपीणताईच्या दुकानात शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याची चिठ्ठी माझ्यावर टोचली जाई. ताईच्या हाताला सफाई होती. तिचं नाव झालं तशी मीही मिरवू लागले. कुणीही कापड आणलं की ताई म्हणायची, "होईल!" आणि चिठ्ठी खच्चकन माझ्यात. नाही म्हणायला तिची जीभच रेटत नसे. पुढे वाऱ्याने चिठ्ठ्या फडफडल्या तरी ती दचकू लागली. जेवण मशीनवरच, तेही अर्धवट. लोक जिला तारेवरची कसरत म्हणतात, ती मी रोज बघत होते.

एका सकाळी तिने नर्सबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. चूक दिसली आणि तिने कात्री बाजूला ठेवली.

"आई, मला नाही झेपत आता. दुकान बंद करून टाकते."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या शेजारी बसून काजं करत. मला तर धस्स झालं. सासूबाईंनी मला खुंटीवरून उतरवलं.

"बंद काय, नंतरही करता येईल. आधी एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाच."

"निळा फ्रॉक... अहो आई, हा तर महिन्यापूर्वीच नेला त्यांनी!"

"मग अजून इथं कशाला टांगलाय?"

एकेचाळीस चिठ्ठ्यांपैकी सोळा अशाच निघाल्या. झालेली कामंही ताई बिचारी उरावर घेऊन बसली होती! आणि मी त्याच गर्दीचा तोरा मिरवत होते. मला फार लाज वाटली. उरलेल्या पंचवीस. दिवसाला तीनच कपडे शिवायचे, असं ठरलं. नर्सबाईंना ताईने चूक स्वतःच सांगितली. त्या रागावल्या, पण थांबायला तयार झाल्या.

दुपारी एक बाई घाईघाईने आल्या. "उद्या पाहिजे हं!"

ताईचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि थांबला. "उद्या नाही जमणार. दहा दिवसांनी नक्की देते."

बाई कापड उचलून तरातरा निघून गेल्या. ताई घोटभर पाणी प्यायली आणि तिने पुढची बाही कापायला घेतली. उजवी.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला शंभर चिठ्ठ्या टोचल्या तरी दुखत नाही. माणसांना दुखतं. तुम्हाला फार झालं, तर गप्प राहू नका. कुणाला तरी जवळ बसवा आणि एकेक मोठ्यानं वाचा. आणि तुमच्या आईला नवं काम सांगण्याआधी विचारा, तिच्या तारेवर आधीच किती आहेत.