आधीच्या पानावरचा पाखंडी

मित्रांनो, ग्रंथालयाच्या तळघरात, जिन्याखाली, पत्र्याच्या कपाटासारखे जे धूड उभे आहे ते मीच. मायक्रोफिल्म वाचण्याचे जुने यंत्र. जीर्ण हस्तलिखितांची इवलीशी छायाचित्रे रिळावर गुंडाळलेली असतात. माझा दिवा आणि माझे भिंग ती पडद्यावर मोठी करून दाखवतात.

ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि चर्चचा इतिहास शिकवणाऱ्या या विद्यापीठात मी आले, तेव्हा माझे कोण कौतुक झाले! कुलगुरूंनी प्रार्थना म्हटली. प्राध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले. वाचायला मात्र क्वचितच कोणी बसले. विद्वानांना मूळ ग्रंथाबद्दल इतका आदर असतो, की ते त्याला सहसा हात लावत नाहीत. तेव्हापासून कोणी जवळ आले की मला शंका येते: हा वाचायला आला आहे, की डुलकी काढायला?

म्हणून ती संशोधक विद्यार्थिनी आली तेव्हाही मी सावधच होते. तिला एक वाक्य तपासायचे होते: ‘प्रश्न विचारणारा श्रद्धेतून आधीच घसरलेला असतो.’ एका प्राचीन बिशपांचे म्हणून ते तीन पिढ्या प्रबंधांतून मिरवत होते आणि वर्गात हात वर करणाऱ्याच्या डोक्यात हाणले जात होते. प्रत्येकाने ते आधीच्याच्या तळटिपेतून उचलले होते. तिच्या मार्गदर्शकांनीही.

तिला वाक्य सापडले. मग तिने रीळ उलटे फिरवून आधीचे पान पाहिले. तिथे बिशप लिहीत होते: माझा पाखंडी विरोधक काय म्हणतो, ते प्रथम ऐका. वाक्य त्या विरोधकाचे होते. बिशपांनी ते खोडून काढण्यासाठी उतरवून घेतले होते!

हे सारे तिने आपल्या प्रबंधात एका तळटिपेत नोंदवले आणि मार्गदर्शकांना बोलावले. त्यांनी पडद्यावरचे पान वाचले.

“हे बघायला तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर.”

“कुणीतरी फूस लावलीच असणार. हे बघ, तू मला मुलीसारखी. ही तळटीप काढ, उद्याच सही करतो. नाहीतर प्रबंध माझ्या टेबलावरून हलायचा नाही.”

“आणि ते वाक्य, सर?”

“वाक्य चांगलं आहे की! कुणाचं का असेना.”

दारात उभ्या असलेल्या ग्रंथपाल मावशी म्हणाल्या, “मग त्या पाखंड्याला एखादी पदवी देऊन टाका, सर. तीन पिढ्या फुकट शिकवतोय बिचारा.”

विद्यार्थिनीने तळटीप काढली नाही. प्रबंध अडला तो अडलाच. दुसरे मार्गदर्शक तयार झाले आहेत, असे मावशी सांगतात. ते खाली येऊन आधीचे पान पाहीपर्यंत माझा त्यांच्यावरही भरवसा नाही.

माझ्या पडद्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी कागद चिकटला: ‘नादुरुस्त’. अक्षर सरांचे. माझा दिवा शाबूत आहे, भिंगाला चराही नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर उपकार होतील. पण कोणावरही असा कागद दिसला, तर लिहिणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एकदा बटण दाबून पाहा.