वानखड्यांच्या स्कूटरने पाहिलेलं अमरावती

मित्रांनो, माझा मूळ रंग निळा. आता मडगार्डवर थोडा उरला आहे, बाकी ठिकाणी तुम्हाला गंज दिसेल. तरी मला नुसती जुनी स्कूटर म्हणून सोडून देऊ नका. एका कुटुंबाला घर आणि शाळा शोधून देण्यात माझा वाटा आहे आणि तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

देवमन वानखडे गुरुजींनी मला अकोल्यात विकत घेतलं. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच असेल. त्यांच्या पत्नी सुंदराबाई माझ्या सीटवर आधी तांब्याभर पाणी ओतायच्या, मग पदराने पुसायच्या आणि मगच बसायच्या. माझी पहिली वर्षं अशी थाटात गेली.

पुढे त्यांचा मुलगा नागसेन धारणीच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत लागला आणि मला सोबत घेऊन गेला. तिथले रस्ते! एकेका खड्ड्यात माझा एकेक नट ढिला झाला. पण रक्ताच्या नमुन्यांचा डबा घेऊन आम्ही पाड्यावर पोचलो की पोरं ओरडत धावायची, "गाडी आली, गाडी आली!" कौतुक कशाला म्हणतात ते मी धारणीत शिकले.

तिथेच नागसेन आणि माधवीला मुलगी झाली. तिचं नाव पिंकी. ती माझ्या पुढच्या फळीवर उभी राहून वाढली. शेजारच्या कोरकू मुलांबरोबर ती त्यांच्या बोलीत बोलायची, घरी वऱ्हाडीत. तिचं तोंड दिवसभर चालू असायचं.

पिंकी चौथीत जाणार, त्या उन्हाळ्यात नागसेनची बदली अमरावतीला झाली.

देवमन गुरुजी अकोल्याहून आले. मला बघून म्हणाले, "आता हे भंगारात दे. शहरात नवी घे."

"घर सापडेपर्यंत राहू द्या बाबा," नागसेन म्हणाला. "गल्ल्या धुंडाले हेच बरी."

"घर कायले धुंडता? अकोल्याले या. आपलं घर हाये. तू रेल्वेनं अप-डाऊन कर."

माधवीला ते मान्य नव्हतं. सासऱ्यांचा ती फार मान ठेवायची, पण नवरा सकाळी अंधारात जाणार, रात्री येणार आणि पोरीला बापाचं तोंड रविवारी दिसणार, हे तिला नको होतं. शिवाय पिंकीला नावाजलेल्या शाळेत घालायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

नागसेनचा मित्र धर्मेंद्र याने अमरावतीतली आपली एक रिकामी खोली काही दिवसांसाठी दिली. तिथून आमची शोधाशोध सुरू झाली.

पहिली वसाहत फार देखणी होती. उंच फाटक, दोन्ही बाजूंना बोगनवेल. चौकीदाराने मला आत येऊच दिलं नाही, म्हणून मी बाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळाने माणसं हसत बाहेर आली. माधवीने तर खिडक्यांचे पडदेही ठरवले होते. घरमालक फाटकापर्यंत पोचवायला आला होता.

"वानखडे ना तुम्ही?" त्याने विचारलं. "म्हणजे कोणते वानखडे?"

नागसेन सरळ म्हणाला, "बौद्ध."

घरमालकाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "अरे हो, सांगायचं राहिलंच. माझा भाचा यायचा आहे राहायला."

नागसेनने मला किक मारली. मी वळल्यावर पिंकीने मागे मान करून विचारलं, "आई, त्यायले भाचा आत्ताच आठोला का वं?"

माधवी हसली खरी. पण तिचा हात माझ्या स्टेपनीवर होता आणि त्या हाताची पकड मला कळत होती. पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरमालकांना असेच नातेवाईक आठवले.

मग ती नावाजलेली शाळा. तिची इमारत काचेची, दारात पिवळ्या बसची रांग. पिंकीला नवा फ्रॉक घालून आत नेलं. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. आत सगळं इंग्रजीत आणि पुस्तकी मराठीत चाललं होतं आणि तिने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. मुलगी बोलत नाही, तेव्हा एक वर्ष खालच्या वर्गात बसवा, असं त्यांनी सांगितलं.

"काहून नाही बोलली तू?" माधवीने विचारलं. "घरात तर पोपटावानी बोलते."

पिंकी माझ्या आरशातल्या स्वतःकडे बघत राहिली. त्यानंतर ती घरातही कमीच बोलू लागली. हे मात्र कुणालाच सोसेना. शाळा उघडल्या, इतर मुलं दप्तरं घेऊन जाऊ लागली आणि आमची पिंकी धर्मेंद्रच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहायची.

एका संध्याकाळी देवमन गुरुजींचा फोन आला. माझ्याजवळ अंगणातच नागसेनने तो मोठ्या आवाजावर लावला. "आता पुरे करा. अकोल्यात कोणाले काही सांगा लागत नाही. मी स्वतः तिले शिकवतो."

नागसेनने माधवीकडे पाहिलं. मग माधवीच म्हणाली, "येतो बाबा." सामान न्यायला टेम्पो ठरवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही माझ्यावर बसून रहाटगावच्या बाजूला एका टेम्पोवाल्याकडे निघाली. मित्रांनो, मी मुद्दाम काही केलं नाही. टाकीत पेट्रोल कमी होतं आणि मी म्हातारी होते, एवढंच. एका शाळेच्या फाटकासमोर मी धापा टाकल्या आणि बंद पडले.

साधी, कौलारू शाळा होती. मोठी सुट्टी चालू होती. नागसेन किकवर किक मारत घामाघूम झाला. फाटकातून पाच-सहा पोरं बाहेर आली आणि मला ढकलू लागली.

तेवढ्यात पिंकी ओरडली, "अबे, ढकलू नका! आधी तिरपी करा तिले! अशी नाही, इकडून! पेट्रोल खाली उतरलं पायजे ना!"

पोरं तिच्याकडे बघत राहिली. मग मुकाट्याने तिचं ऐकू लागली. कुणी हँडल धरलं, कुणी सीट. त्यांनी मला पार आडवं होईतो वाकवलं. "आता सोडा! बाबा, मारा किक!" मी फुरफुरले आणि सुरू झाले. पोरांनी एकच गलका केला. एक मुलगी म्हणाली, "चाल ना खेळाले, सुट्टी हाये अजून." पिंकीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. धूम पळाली.

एक बाई फाटकात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या मुख्याध्यापिका, रागिणी मॅडम. "कोणत्या वर्गातली हो ही? माझ्या ध्यानात कशी नाही?"

"कोणत्याच नाही," माधवी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

मॅडमनी दोघांना कडुनिंबाखाली बसवलं. माधवीने डोळे पुसले आणि एकेक विचारायला सुरुवात केली. इंग्रजी कसं शिकवता? वर्गात किती मुलं? घरापर्यंत बस आहे का?

"बस नाही," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजीच्या बाई चांगल्या आहेत. गणिताचे सर दिवाळीनंतर बदलून जाणार, नवे कसे येतील ते मी आज सांगू शकत नाही. मुलं बोलतात त्या बोलीला आम्ही हसत नाही, एवढं मात्र सांगते."

"बोललीच नाही तर?"

मॅडमनी मैदानाकडे बोट केलं. तिथे पिंकी कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. "आऊट झाला तू! म्या डोयानं पाह्यलं!"

माधवी बराच वेळ ते भांडण बघत बसली. असं सुख मी तिच्या तोंडावर कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. टेम्पोवाल्याकडे जायचं राहूनच गेलं.

शाळेमागे फुलांचे मळे होते. तिथे घर मिळेल असं मॅडमनी सांगितलं म्हणून तिघं शकुनबाईंकडे गेली. त्या आणि त्यांचे पती ओमप्रकाश शेवंती-झेंडू लावून बाजारात विकायचे. घराचा वरचा मजला रिकामा होता. समोरच्याने विचारेपर्यंत थांबायचंच नाही, असं नागसेनने आता ठरवलं होतं. गाडीवरून उतरता उतरताच म्हणाला, "बाई, आमी बौद्ध हावोत. आधीच सांगून टाकतो."

शकुनबाईंनी हातातला गजरा खाली ठेवला नाही. "मंग? नळ पहाटे येते. उठता का तुमी?"

"उठतो," माधवी म्हणाली.

"मंग पाहून घ्या वरती. झोपाळू भाडेकरू मले नाही चालत, आधीचा असाच होता."

जिन्यावरून पिंकीचा आवाज आला, "आई, इथून शाळा दिसते वं!"

देवमन गुरुजी रुसले. महिनाभर आले नाहीत. मग एका शनिवारी सुंदराबाईंना घेऊन आले. गच्चीवरून त्यांनी मैदानातली नात पाहिली, आणि येताना आणलेली खाऊची पिशवी माधवीच्या हातात देत म्हणाले, "पोरगी काळी पडली उन्हात. पण आवाज खणखणीत झाला." तेव्हापासून दर शनिवारी येतात.

आता पिंकी चालत शाळेत जाते. माझं काम कमी झालं. सुरुवातीला शेडमध्ये फुलांच्या टोपल्यांशेजारी उभं राहून मला कधी कधी धारणीची आठवण येई आणि थोडं वाईट वाटे. पण माधवी मला चालवायला शिकली. परवा चांदूर बाजार गावाहून बदलून आलेलं एक कुटुंब रस्त्यात शाळांचे पत्ते विचारत होतं. आईशेजारी एक गप्प मुलगी उभी होती. माधवीने डोक्याला रुमाल बांधला, मला बाहेर काढलं आणि त्या मायलेकींना मागे बसवलं.

"चाला, शाळा दाखवते तुमाले. पण आधी कोणाशी काही बोलू नका," ती म्हणाली. "गाडी थांबली की पोरीले उतरू द्या. थे कुठं पळते, थे पाहा."

मित्रांनो, तुम्हीही कधी नव्या गावी राहायला गेलात तर तुमच्या आईबाबांना हे सांगा. आणि तुमच्या दारातही माझ्यासारखी एखादी म्हातारी उभी असेल. तिच्या चाकात हवा आहे का, एवढं आज बघून या. तिला अजून एखाद्या मुलीला शाळेपर्यंत न्यायचं असेल.