हजार वॉनची न्याहारी

सोलमधल्या टेकडीवरच्या त्या जुन्या विद्यापीठात सव्वाशे वर्षांत इमारती आणि फी सोडून दुसरं काहीही वाढलेलं नाही, असं मालजाचं स्पष्ट मत होतं. एकोणतीस वर्षं ती तिथल्या खानावळीत भात शिजवत होती, तेव्हा तिच्या मताला वजन होतं. निदान भांडी घासणाऱ्या दोघीजणींत तरी. मुलं तिला मावशी म्हणत. कुलगुरूंची नावं तिच्या लक्षात राहत नसत. सात आले, सात गेले, आणि वसतिगृहाची खोली अजून चिठ्ठ्या टाकूनच मिळत होती.

सकाळी आठला हजार वॉनमध्ये न्याहारी मिळे. भात, मोडांचं सूप, आंबवलेल्या कोबीची किमची, अंडं. हजारात बाहेर धड कॉफीसुद्धा येत नाही, त्यामुळे साडेसातलाच रांग लागे. थाळ्या मात्र शंभरच. दारातल्या मशीनवर ओळखपत्र टेकवलं की चिठ्ठी बाहेर येई, एका कार्डावर दिवसाला एक. शंभरावी चिठ्ठी निघाली की मशीन बंद.

रांगेत हेरिमचा नंबर नेहमी नव्वदीच्या पुढचा असायचा. दुसऱ्या वर्षाची पोर. पहाटे बेकरीत काम करून धापा टाकत टेकडी चढायची आणि म्हणायची, "मावशी, भात जरा जास्त घाला." दुपारी काय खातेस, असं मालजाने तिला एकदा विचारलं होतं. ती नुसती हसली. मालजाने पुन्हा विचारलं नाही, पण तेव्हापासून तिच्या थाळीत भात दाबून भरायला लागली.

एप्रिलमध्ये विद्यार्थी कल्याण विभागाचा पांग स्वयंपाकघरात आला. उद्या माजी विद्यार्थी येणार होते. हवा शुद्ध करायची यंत्रं विकून गब्बर झालेले कंपनीचे अध्यक्ष हाम आणि त्यांच्याबरोबर चोवीस जण. या न्याहारीला त्यांनी देणगी दिली होती.

"मग पंचवीस थाळ्या जास्त करते," मालजा म्हणाली.

"नको नको. मंजुरी शंभराचीच आहे."

"म्हणजे पंचवीस पोरं तशीच परत जाणार?"

"एकच दिवस, मावशी. पाहुण्यांनी मुलांसारखं जेवावं, अशी कुलगुरूंची कल्पना आहे."

"मुलांसारखं जेवायचं असेल तर उपाशीच परत जा म्हणावं."

पांग हसला. त्याला ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी पंचवीस कोट दारात येऊन उभे राहिले आणि मशीनने त्यांना ओळखलं नाही. ओळखपत्रच नाही, तर चिठ्ठी कुठली? आणि हातात चिठ्ठी धरलेले अध्यक्ष हा तर आजचा मुख्य फोटो होता. पांगला घाम फुटला. मग त्याच्या डोक्यातून एक शक्कल निघाली.

"शिष्यवृत्तीची मुलं जरा पुढे या," त्याने रांगेकडे पाहून हाक दिली. यादी त्याच्याकडे होतीच. त्याने एकेकाला नावाने बोलावलं. "कार्ड टेकवा, चिठ्ठी पाहुण्यांना द्या. बदल्यात हे घ्या."

विद्यापीठाचं चिन्ह छापलेला पाणी प्यायचा पेला. रिकामा. पोरांच्या पोटातलं काढून घ्यायचं आणि वर भांडं हातात द्यायचं. मालजाला त्या माणसाची शिसारी आली.

हेरिमने कार्ड टेकवलं. नऊला तिची परीक्षा होती, पण शिष्यवृत्ती ज्याच्या सहीने येते त्याला नाही कोण म्हणणार? तिची चिठ्ठी खुद्द अध्यक्षांकडे गेली. पाहुणे आत गेल्यावर तिने उगाच पुन्हा एकदा कार्ड टेकवून पाहिलं. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपली आजची न्याहारी झाली आहे."

आत कोट जेवत होते, म्हणजे सुपात चमचे फिरवत होते. चारचार घास झाले, फोटो झाले, आमच्या वेळी आम्ही किती हाल काढले, हेही सांगून झालं. थाळ्या तशाच भरलेल्या. साडेनऊला त्यांना हॉटेलात खरी न्याहारी होती.

मालजाने मागचं दार उघडलं. "ए पोरी, आत ये."

"मावशी, माझी चिठ्ठी..."

"चिठ्ठी गेली चुलीत. हे आमच्या जेवणाचं आहे, तुझ्या पांगसाहेबाच्या शंभरातलं नाही. बस."

बायकांसाठी वेगळा ठेवलेला भात, मालजाच्या घरची किमची. हेरिम उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून मान खाली घालून खायला लागली. मालजा आपल्या गुलाबी रबरी हातमोज्याने तिच्या वाडग्यात वाढत राहिली. तेवढ्यात अध्यक्ष हाम कामवाल्या बायकांचे आभार मानायला, म्हणजे फोटोवाल्याला घेऊन, आत शिरले.

"वा! किती चवीने खातेय बघा पोरगी! जेवलीस ना पोटभर?"

हेरिमचं तोंड भरलेलं होतं. तिने डोळे वर केले, तोच फोटो निघाला.

पुढच्या सोमवारी खानावळीच्या दारात पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं. हेरिमचे भरलेले गाल, हातात वाडगा, आणि खाली ठळक अक्षरं: "अध्यक्ष हाम यांच्या मायेचा घास". कोपऱ्यात एक गुलाबी हातमोजा दिसत होता. मनगटाच्या वरची मालजा कापून टाकलेली होती. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण त्या दिवशी हेरिम आली नाही. मंगळवारीही नाही. रोज रांग नव्वदीला पोचली की मालजा हातातला डाव थांबवून दाराकडे बघायची, आणि तिथे कागदावरची हेरिम तिच्याकडे बघत असायची.

दोन आठवड्यांनी पांग पुन्हा स्वयंपाकघरात आला. अध्यक्षांना ते पोस्टर फारच आवडलं होतं. आणखी देणगी येणार होती, आणखी फोटो हवे होते.

"ती पोस्टरवरची मुलगी कुठेय, मावशी? हल्ली न्याहारीला दिसत नाही."

मालजाने भाताच्या भांड्यावर झाकण घातलं.

"तिची न्याहारी झाली आहे, साहेब," ती म्हणाली. "मशीनला विचारा."