नुसते हात

नलूने एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला, जोडी दोरीवर टाकली आणि फोनकडे बघून झकास हसली. नाकात नथ, अंबाड्यात अबोली. बोंबील वाळत घालायला इतकं नटून कोणी बसत नाही.

"हसतेस कशाला, आये? नुसते हातच घेतलेत," तिची सून रचना म्हणाली.

"आन् तोंड?"

"तोंड न्हाय चालत."

हे रचनाला तीन महिन्यांच्या खटपटीतून कळलं होतं. सुक्या मासळीच्या ऑर्डरी याव्यात म्हणून ती फोटो टाकायची. सासूच्या चेहऱ्यासकट टाकलेल्या फोटोला चाळीस बदाम पडले, त्यातले तीस नात्यातले. नुसत्या हातांना तीन हजार. फोटो उभा हवा, त्यात काहीतरी लाल हवं आणि चेहरा अजिबात नको. मग बघणाऱ्याला ते हात आपल्याच आजीचे वाटतात.

नलूला तीन हजारांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकाच माणसाने बघायला हवं होतं. धाकटी बहीण सोनूबाई हरिहरेश्वरला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी लेकाच्या हळदीचं आवतण द्यायला नलू स्वतः गेली नाही, भावकीतल्या भिकूला धाडलं. त्याच भिकूबरोबर सोनूबाईचा निरोप परत आला, की पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. चूक आपली होती हे नलूला तेव्हाच कळलं होतं, पण कबूल करायला जीभ रेटेना. आता फोनवर आपलं तोंड दिसलं तर सोनूला बघावंच लागेल, आणि बघितलं की ती हसेलच, असा तिचा भाबडा बेत होता. नथ त्याच्यासाठीच.

दुपारपर्यंत फोटो पाच हजारांवर गेला. खालचं लिहिलेलं वाचता वाचता रचना थांबली. मग तिने कल्पिता नावाच्या कोणा मुलीने लिहिलेलं मोठ्याने वाचलं.

"माझी आजी सोनूबाई फोन खाली ठेवेना. म्हणते, डाव्या हाताने असे उलटे जबडे अडकवणारी एकच बाई हाय. आईचा एवढा मार खाल्ला, तरी सुधारली न्हाय."

नलूने ते पुन्हा वाचायला लावलं. डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि पदर डोळ्यांना लावून हसत सुटली. मांजर बोंबलांच्या पाटीपाशी आलं, तरी तिने हाकललं नाही.

रचनालाही राहवेना. तिने फोन सासूच्या चेहऱ्यासमोर धरला. आता तोंडाचाच फोटो टाकू, म्हणाली, आणि खाली लिहू, मावशी, घरी या.

"नको," नलू म्हणाली. "पुन्हा दुसऱ्याच्या हाती आवतण धाडू व्हय?"

तिने नथ सारखी केली.

"उद्या हरिहरेश्वरची पहिली गाडी कितीला हाय, तेवढं बघ. तोंड मीच घेऊन जाते."