हिरव्या छत्रीवाल्या आजीबाई

परदेशात राहण्याविषयी इंग्रजीत कसं बोलावं, हे मी गेली सोळा वर्षं शिकवतो. मी स्वतः परदेशात कधी गेलेलो नाही. हौसेने काढलेला पासपोर्ट कोऱ्या पानांनिशी मुदत संपून कपाटात पडला आहे. यावर कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. बाळंतपणं करणारे डॉक्टर काय स्वतः बाळंत झालेले असतात?

क्लास आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक इथल्या वेळेचं आणि एक तिथल्या. तिथल्या म्हणजे नक्की कुठल्या, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवायचं. फळ्याशेजारी चाळीस शब्दांचा तक्ता आहे: कल्चर शॉक, होमसिक, अडॅप्ट, होरायझन वगैरे. खोलीच्या टोकाला पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर आणि तिथे माझी बायको.

परदेशी जायला इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या तोंडी भागात एक प्रश्न हमखास येतो: परक्या ठिकाणचा तुमचा एखादा अनुभव सांगा. आमच्या मुलांना परकं ठिकाण म्हणजे मावशीचं घर. म्हणून मी एक उत्तर बेतून दिलं. नव्या शहरात उतरलो, रस्ता चुकलो, पावसात सापडलो, इथे कल्चर शॉक. आईची आठवण आली, इथे होमसिक. तेवढ्यात हिरवी छत्री घेतलेल्या एक आजीबाई भेटल्या, त्यांनी हात धरून घरापर्यंत सोडलं, मग मी अडॅप्ट झालो आणि माझं होरायझन रुंदावलं. दोन मिनिटांत बारा शब्द वसूल! आजीबाई माझ्याच डोक्यातून निघालेल्या, पण माझा त्यांच्यावर फार जीव. एका दीडशहाण्याने छत्री लाल करून पाहिली, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

यंदाच्या बॅचमध्ये एक नर्स होती. दोनदा नापास झालेली, ही तिसरी खेप. नवरा दोन वर्षांपासून तिकडे. तिथल्या हॉस्पिटलने तिची जागा या महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती. तीन वर्षांची मुलगी बाबा म्हणून मोबाइलच्या काचेचे पापे घ्यायची. ड्यूटी संपवून ही थेट क्लासला यायची, ती अर्धा तास आधीच, आणि पडद्यामागे बायकोकडे चहा घेत बसायची. आत दोघींची कुजबुज चाले. बायकांच्या गप्पा म्हणून मी कधी कान दिला नाही.

"सर, ते आजीबाईंचं सांगताना माझ्या घशात अडकतं हो," ती एकदा म्हणाली.

"घशात अडकायला ती काय औषधाची गोळी आहे?" मी म्हणालो. "मुकाट्याने पाठ कर. तुझं सगळं घर त्यावर लटकलंय."

निकालाच्या दिवशी ती कागद हातात घेऊन आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सर, मी आजीबाईंपर्यंत पोचले आणि परीक्षक बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, या बाई सकाळपासून नऊ जणांना घरी सोडून आल्यात. त्यांचं वय काय? आता जरा बसू द्या त्यांना."

माझे कान तापले. सोळा वर्षांची अब्रू एका वाक्यात चव्हाट्यावर आली होती. "मग?"

"मग काय, डोकं रिकामं. नवरा, मुलगी, सगळे डोळ्यांपुढे आले. वाटलं, संपलं आता. आणि मग मी काकूंचं सांगितलं."

"कुठल्या काकू?"

"आपल्या काकू, सर." तिने पडद्याकडे बोट केलं.

माझी बायको दूरच्या मुलखातली, दुसऱ्या भाषेतली. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली. एवढं मला माहीत होतं. पुढचं मी माझ्याच विद्यार्थिनीच्या तोंडून ऐकलं. पहिलं वर्ष तिला इथलं अक्षर कळत नव्हतं. काही बोलायला गेली की घरातले हसायचे, म्हणून तिने बोलणंच सोडलं. दुपारी सगळे झोपले की ती गच्चीवर जायची, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायची आणि आपल्या भाषेत टाकीशी बोलायची. टाकी अर्धी असली की आवाज घुमून परत यायचा. कुणीतरी आपल्याच भाषेत उत्तर देतंय असं वाटायचं. भरलेली टाकी मात्र गप्प राहायची. मग ही आधी खाली नळ सोडून ठेवायची आणि टाकी अर्धी झाली की वर जायची.

मी खुर्चीत बसलो. त्या वर्षी आमच्या टाकीत पाणी टिकत नव्हतं. आई तणतणायची आणि मी गळती शोधायला तीनदा प्लंबर बोलावला होता.

"परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं," नर्स सांगत होती. "म्हणाल्या, त्या अजून बोलतात का टाकीशी? मी म्हटलं, विचारून सांगते. नऊपैकी सात हवे होते सर, साडेसात मिळाले! आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय." आणि ती चक्क रडायला लागली.

मी मास्तर तो मास्तरच. "तिथे होमसिक वापरलास ना?" मी विचारलं.

"नाही सर. तो शब्द आठवलाच नाही."

ती गेल्यावर मी पडदा सारून आत गेलो. बायको भांडी पुसत होती.

"अगं, टाकीला गळती नव्हती?"

"नव्हती," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"मला सांगायचं नाही का?"

"कुठल्या भाषेत सांगायचं? आणि तुमची भाषा आली तोवर सवय मोडली होती."

मला फार लाज वाटली. चारशे मुलांना मी होमसिक शिकवला होता, आणि या बाईच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता. पाणी नाही, भाकरी नाही, काही नाही.

"तुमच्याकडे, घरची आठवण येते, हे कसं म्हणतात?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "कशाला? परीक्षा आहे का, अहो?"

"सांग ना."

तिने सांगितलं. लहानसंच होतं. मी म्हणून बघितलं. तिने ओठ दाबले. मी पुन्हा म्हटलं, आणि ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि ते पाणी नंतरही थांबेना. मी तिसऱ्यांदा म्हटलं, माझ्या मते अगदी अचूक.

"नापास," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "उद्यापासून अर्धा तास आधी येत जा."